नृसिंह भाऊजींचा मिस कॉल

माझा स्वभाव चिडका आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको. सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत गेली. पहिलीच्या पोरांना अक्षरं गिरवायला लावता लावता कुणाचं काही चुकलं की लगेच बोट ठेवायची खोड लागली, ती काही सुटली नाही. श्रीगोंद्यात मला लहानथोर सगळे ‘बाई’ म्हणतात. सुरय्या तांबोळी हे नाव आता पेन्शनपुरतंच उरलंय. पण नृसिंह पाठकांवर चिडणं मला कधी जमलं नाही. चिडलं की ते मान खाली घालून ‘बरं’ म्हणायचे, आणि आपलाच आवाज आपल्याला नको व्हायचा.

आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. साखर कारखान्यात टाइमकीपर होते. कोण कितीला आत आला, कितीला बाहेर पडला हे बघायचं काम. स्वतः कधी आले नि कधी गेले हे मात्र कुणाला कळायचं नाही, इतका गरीब माणूस. अख्खी नोकरी सायकलवर केली. हाताखालच्या लोकांनी मोटारसायकली घेतल्या, यांनी फक्त सायकलची सीट बदलली. चिक्कू होते, आणि मी ते तोंडावर म्हणायची.

अंबिकावहिनी अगदी उलट. बडबड्या, हसऱ्या, कढी केली की भिंतीवरून वाटी पुढं करणाऱ्या. मूलबाळ नव्हतं. दोघंच एकमेकांना होते, आणि त्या दोघांत एक मिस कॉलचा करार होता. आता मिस कॉल कोण देत नाही? पण यांनी त्याचे नियमच करून ठेवले होते. एक रिंग म्हणजे पोचलो. दोन रिंगा म्हणजे निघालो. समोरच्यानं उचलायचा नाही, उचलला की पैसे पडतात. पुढं कंपन्यांनी बोलणं जवळजवळ फुकट केलं, तरी यांचा करार जुन्या दरानंच चालू राहिला.

मी कितीदा बघितलंय. वहिनींच्या हातात पोळी असायची, ओट्यावर फोन एकदा वाजून तुटायचा, आणि त्या तिकडं न बघताच म्हणायच्या, “पोचले हं.” मग पोळी उलटायच्या. ते कारखान्यावर पोचले की रिंग, नगरला कामाला गेले की रिंग, बहिणीकडं पुणतांब्याला गेले की रिंग. एकदा मी म्हटलं, “वहिनी, उचला की एखाद्या दिवशी. दोन शब्द बोला.” त्या म्हणाल्या, “उचलला तर घाबरतील ते. म्हणतील काय झालं घरी?”

मग वहिनींच्या किडन्या गेल्या. श्रीगोंद्यात डायलिसिसची सोय नाही, त्यामुळं आठवड्यातून दोनदा नगर. ते रिटायर व्हायचे होते, रजा संपल्या होत्या. कधी ते बरोबर जायचे, कधी वहिनी एकट्याच एसटीनं जायच्या. मग रिंग उलट्या बाजूनं यायची. दवाखान्यात पोचल्या की एक, परतीच्या गाडीत बसल्या की दोन. भाऊजी टाइम ऑफिसात टेबलावर फोन ठेवून बसलेले असायचे. शेवटच्या दिवशी ते नगरला बरोबरच होते, म्हणून फोनची गरजच पडली नाही.

माझे मिस्टर पीरमहंमद वहिनींना पोचवायला अमरधामात जाऊन आले. मला म्हणाले, “डोळ्यात टिपूस न्हाई गं त्याच्या. समद्यांला हात जोडत हुता, जसं काय लग्नातून निरोप देतोय.” लोक नावं ठेवायला लागले. मी मात्र नावं ठेवली नाहीत, कारण मला भिंतीपलीकडचं ऐकू यायचं. वहिनींचा साधा बटणांचा फोन त्यांनी तसाच चार्जरला लावून ठेवला होता. कामाला नगरला गेले की दुपारी त्या बंद घरात फोन एकदा वाजायचा आणि तुटायचा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. मी त्यांना कधी विचारलं नाही. माझ्यासारख्या बाईनं विचारलं नाही, यावरून काय ते समजा.

रिटायर झाल्यावर वर्षाच्या आत त्यांनी ते सायकलचं काढलं. एक दिवस भिंतीवरून म्हणाले, “बाई, ऑस्ट्रेलियाला चाललोय. सायकल घेऊन. पर्थला सुरुवात करायची, सिडनीला पोचायचं.”

मला वाटलं, यांचं डोकं फिरलं.

“गावात डायलिसिस मशीन पाहिजे,” ते म्हणाले. “धर्मादाय दवाखाना जागा द्यायला तयार आहे. नुसतं वर्गणीचं पावतीबुक घेऊन गेलं की लोक दार लावतात. एवढा लांब सायकल मारतोय म्हटल्यावर कुणीतरी देईल.”

“मग ऑस्ट्रेलियाच का? काश्मीर का नाही?”

“काश्मीरला सगळेच जातात, बाई. त्याचं कुणाला काही वाटत नाही. अख्खा खंड ओलांडला पाहिजे. युरोपात पावलापावलाला देश. तिकडं एकच देश नि तोच खंड. एका व्हिसात काम होतं.”

इतकी वर्षं ज्यानं नवी चप्पल घ्यायला दहा दुकानं पालथी घातली, त्या माणसानं खंडसुद्धा परवडणारा निवडला. जायचा खर्च फंडातून केला. मी म्हटलं, “वाट कशी आहे तिकडं?” ते म्हणाले, “मध्ये एक मोठं मैदान आहे. झाडसुद्धा नाही म्हणतात.” मी म्हटलं, “आणि तिथं एकटे काय करणार?” त्यावर ते म्हणाले, “इथं काय करतो?”

गणपती उठले आणि त्यांचा निरोपाचा सत्कार झाला. आमच्याकडं माणूस साधा बदलून गेला तरी सत्कार लागतो, हा तर परदेशी निघालेला. पुढाकार गोरक्षचा. गोरक्षचं फ्लेक्सचं दुकान आहे, आणि गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपचा तो अॅडमिन. वाढदिवस असो, निवड असो, दशक्रिया असो, त्याचा नमुना एकच. कडेनं झेंडू, खाली जोडलेले हात, मध्ये फोटो. भाऊजींना खुर्चीवर बसवून गळ्यात हा एवढा हार घातला, शाल-श्रीफळ दिलं, फोटो काढला. फोटोत हसायचं असतं हे त्यांना जन्मात कुणी सांगितलं नव्हतं. भाषण करा म्हटल्यावर उठून म्हणाले, “जाऊन येतो,” आणि खाली बसले.

निघायच्या दिवशी किल्ली द्यायला आले. “तुळशीला पाणी घाला, बाई. आणि आतला फोन चार्जरला आहे. लाईट गेली तर परत आल्यावर तेवढं बघा. दुपारी एकदा वाजेल. तिकडं तेव्हा संध्याकाळ असते, माझा मुक्काम झालेला असतो.” मग किल्ली माझ्या हातात ठेवत म्हणाले, “उचलू नका. परदेशातून आहे. उचलला की पैसे पडतात.”

ते माझ्याकडं न बघता बोलत होते. मी म्हटलं, “नाही उचलत.”

रोज दुपारी रिंग यायला लागली. जेवण उरकून मी जरा लवंडलेली असायची, भिंतीपलीकडं फोन एकदा वाजून तुटायचा. माझ्या तोंडून आपोआप निघायचं, “पोचले हं.” कधीपासून मी तसं म्हणायला लागले, मला कळलंही नाही. पीरमहंमद हसायचे.

ग्रुपवर मी नाही. मला तिथलं शुद्धलेखन बघवत नाही. पण हे दाखवायचे. भाऊजी रोज एक फोटो टाकायचे आणि खाली एकच शब्द, ‘पोचलो.’ पहिल्या दिवशी शंभरावर लोकांनी वा वा केली, गावाचं नाव काढलं म्हणाले. पंधरवड्यात नुसते अंगठे उरले. मग अंगठेही दोन-चारच, मग गोरक्षचा एकट्याचा. फोटोत सायकल असायची, रस्ता असायचा, पाण्याचे डबे असायचे. ते स्वतः नसायचे, कारण फोटो काढायला दुसरं कुणी नव्हतं.

नंतर त्यांनी थोडं थोडं सांगितलं. उसाच्या डबल ट्रॉल्या आपण बघतो, तसे तिकडं तीन तीन डबे जोडलेले ट्रक येतात, आणि ते गेल्यावर वाऱ्यानं सायकल रस्त्याखाली ढकलली जाते. दिवस दिवस माणूस भेटायचा नाही. संध्याकाळी एखाद्या पेट्रोल पंपावर पाणी मागायला तोंड उघडलं की आवाजच फुटायचा नाही. म्हणून मग ते रस्त्यावरच्या पाट्या मोठ्यानं वाचत जायला लागले. मी विचारलं, “भीती नाही वाटली?” तर म्हणाले, “कुणाची? कुणी असायला तर पाहिजे.” एका पंजाबी ट्रकवाल्यानं गाडी थांबवून पराठे दिले होते, ते दोन दिवस पुरवून खाल्ले म्हणे. पण संध्याकाळी तंबू ठोकला, फोनला रेंज मिळाली, रिंग दिली, की दिवस पुरा झाल्यासारखं वाटायचं. “घरी कळवलं की माणूस मोकळा होतो, बाई,” असं ते म्हणाले. घरी कोण होतं, ते मी विचारलं नाही.

मग ते झाड नसलेलं मैदान आलं आणि रिंग बंद झाली. पहिल्या दिवशी मला वाटलं आपली लाईट गेली असेल. कुलूप काढून बघितलं तर फोन पूर्ण चार्ज. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. ग्रुपवर फोटो नाही. पीरमहंमदनी त्यांचा नंबर लावला, तर रेकॉर्डवरची बाई इंग्रजीत काहीतरी सांगून गप्प झाली. स्वस्तातलं सिमकार्ड घेतलं होतं, त्याला त्या भागात रेंजच नव्हती, हे आम्हाला कुठं माहीत? गावात दुसऱ्या कुणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

आणि त्याच आठवड्यात गोरक्षला मशीनची आठवण झाली. वर्गणी थंडावली होती. त्यानं सत्काराचा तो हार घातलेला फोटो घेतला, झेंडूच्या चौकटीत बसवला, वर मोठ्ठं नाव टाकलं, खाली बारीक अक्षरात ‘यांच्या कार्याला सढळ हाताने मदत करा’ असं लिहिलं आणि सकाळी ग्रुपवर टाकून शेवगावला लग्नाला निघून गेला. आमच्या लोकांना वाचायची सवय आहे का? हार दिसला, जोडलेले हात दिसले, तोंडावर हसू नाही. पहिल्यानं लिहिलं, ‘भावपूर्ण श्रद्धांजली.’ मग काय, एकामागून एक रांगच लागली. ‘गावाचा हिरा हरपला.’ ‘अतिशय मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व.’ ‘कालच बोलणं झालं होतं, विश्वास बसत नाही.’ काल म्हणे! ज्याच्या फोटोला शेवटी शेवटी गोरक्षशिवाय कुणी अंगठा देत नव्हतं, त्याच्यासाठी दुपारपर्यंत दोनशे माणसं हळहळली.

पीरमहंमद फोन घेऊन माझ्याकडं आले. त्यांचा चेहरा बघूनच मी खाली बसले. रिंग बंद होतीच. मला ते खरं वाटलं. मी पदर तोंडात धरून रडले, हे लपवत नाही.

संध्याकाळी गल्लीतल्या दोघीतिघी दुखवट्याला आल्या. भाऊजींच्या दाराला कुलूप. आत बसायला माणूसच नाही, सांत्वन करायचं कुणाचं? मग त्या माझ्याकडंच आल्या आणि जमिनीवर बसून राहिल्या. त्यातल्या आक्काबाई म्हणाल्या, “कुनीच न्हाई बघ त्यास्नी. तूच आता घरची म्हनायची.” मी त्यांना पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी बसस्टँडसमोर फ्लेक्स लागला. फोटो तोच, फक्त खालचं बारीक वाक्य काढून काळी पट्टी मारलेली. ते बघितल्यावर मात्र माझ्या मनात आलं, की हे नक्की कळवलं कुणी? मी तडक गोरक्षच्या दुकानात गेले.

“तुला कुणी सांगितलं रे?”

“सगळ्यांनी टाकलंय की, बाई. मी लग्नावरून आलो तर दोनशे मेसेज. लई वाईट वाटलं. रातीच फ्लेक्स छापला, पैसं बी घेतलं न्हाईत कुनाचं.”

“आणि त्या सगळ्यांना कुणी सांगितलं?”

तो फोनवर बोट फिरवत वर वर गेला. श्रद्धांजली, श्रद्धांजली, श्रद्धांजली. सगळ्यात वर पोचला तर तिथं त्याचंच मदतीचं पोस्टर. त्याच्या तोंडावरचा रंग उडाला.

“आयला, बाई, हे तर म्याच टाकलंय. मदतीचं हाय हे.”

“म्हणजे माणूस मेल्याचं कुणालाच माहीत नाही.”

“न्हाई,” तो म्हणाला. मग हळूच म्हणाला, “पन जित्ता असल्याचं तरी कुनाला म्हाईत हाय?”

त्याच्या कानाखाली द्यावी असं वाटलं. पण तो बोलला ते खोटं नव्हतं. एवढ्या मोठ्या गावात त्या माणसाची खबर कुणाकडं नव्हती, माझ्याकडंसुद्धा नव्हती. गोरक्षनं फ्लेक्स उतरवला. तो पुढं कुणीतरी कांद्याच्या चाळीवर टाकायला नेला. मी घरी आले आणि दुपारभर भिंतीला कान लावून बसले.

रिंग आली ती त्यानंतर दोन दिवसांनी. फोन वाजला, आणि तुटायच्या वेळी तुटला नाही. परत वाजला, परत वाजला. असं कधी झालं नव्हतं. मी किल्ली घेऊन धावले. कुलूप लवकर निघेना, आत फोन वाजतच होता. मला वाटलं, हा त्यांच्या फोनवरून दुसराच कुणी करतोय, पोलीस करताहेत, बॉडी मिळाल्याचं सांगताहेत. पैशांचं, वचनाचं, कशाचंच भान राहिलं नाही. मी फोन उचलला. धाप लागली होती, क्षणभर शब्दच फुटेना.

“हॅलो,” मी म्हणाले. पलीकडून काही आवाज नाही, नुसता वारा. “हॅलो, कोण बोलतंय? मी शेजारची सुरय्या. भाऊजी, तुम्ही आहात का? अहो, जिवंत आहात का?”

बराच वेळ वारा ऐकू आला. मग अगदी बारीक आवाजात ते म्हणाले, “पोचलो.” आणि फोन ठेवला.

मी तिथंच उभी राहून हसले, रडले, मग पीरमहंमदना हाक मारली. संध्याकाळी भाऊजींनी ग्रुपवर लिहिलं, ‘मी खुशाल आहे.’ त्याला भराभर अंगठे आले. कुणी ‘हार्दिक अभिनंदन’ लिहिलं. एकानं वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या.

पण घरातला फोन त्यानंतर वाजला नाही. मी रोज वाट बघायची. लाईट गेली-आली की जाऊन चार्जर बघायची. ग्रुपवर ‘पोचलो’ यायचं, फोटो यायचा. सिडनीच्या समुद्राचा आला, त्यात पहिल्यांदा ते स्वतः होते, कुणा वाटसरूनं काढलेला. वाळून गेलेले, काळे पडलेले. त्या दिवशी तरी फोन वाजेल असं मला वाटलं होतं. वाजला नाही. मला राग आला. माणसाच्या काळजीनं एक फोन उचलला, त्याचा एवढा रुसवा?

दिवाळी होऊन गेल्यावर ते आले. सत्काराला नाही म्हणाले, मशीनचं तेवढं पुढं न्या म्हणाले. नंतर मशीन आलंही, फक्त त्याला लागणारं शुद्ध पाण्याचं यंत्र अजून यायचंय. किल्ली न्यायला आले तेव्हा मी त्यांच्याबरोबर आत गेले, तुळस दाखवली, आणि राहवेना म्हणून बोललेच, “मी फोन उचलला म्हणून रागावलात ना? उचलणारच. परत तसं झालं तर परत उचलेन.”

“रागावलो नाही, बाई.”

त्यांनी चार्जरची पिन काढली. फोन हातात घेऊन खाटेवर बसले.

“ती कधी उचलायचीच नाही,” ते म्हणाले. “आयुष्यभर. मी रिंग द्यायचो, ती उचलायची नाही, म्हणजे ती घरात आहे, सगळं ठीक आहे. ती गेल्यावर मी रिंग दिली, तेव्हाही तिनं उचलला नाही. मग फरक काय पडला, सांगा? तसाच वाजायचा, तसाच तुटायचा. मला कधी ती गेल्यासारखं वाटलंच नाही.”

मी उभीच होते.

“त्या दिवशी रेंज आली तर ग्रुपवर सगळं गाव मला पोचवून मोकळं झालेलं. वाचून बरं नाही वाटलं. म्हटलं, आज वाजू द्यावा. आज तरी ती करार मोडेल. आणि फोन उचलला गेला. तुम्ही बोलायच्या आधी मला नुसता श्वास ऐकू आला, धावत आल्यासारखा. तेवढ्यात किती काय काय सांगायचं ठरवलं मी तिला.” “मग तुमचा आवाज आला. तेव्हा गेली ती, बाई. मला त्या दिवशी कळलं.”

आणि ते रडायला लागले. अमरधामात ज्याच्या डोळ्यात टिपूस नव्हतं, तो माणूस फोन छातीशी धरून लहान पोरासारखा रडत होता. त्यांना गप्प करावं असं मला वाटलं नाही. मी पदर सावरला आणि भिंतीला पाठ लावून खाली जमिनीवर बसले, अंबिकावहिनींच्या दुखवट्याला.